हरणीचं नाक आणि माझं तोंड

आमच्या प्रवरेकाठच्या बेलापुरातलं माणूस पाथर्डीकडं गेलंच तर लग्नाला जातं, मयताला जातं, नाहीतर देवीच्या दर्शनाला. मी गेले एका मेलेल्या गाईच्या चौकशीला. परत आल्यापासून शेजारच्या बायका विचारतात, काय पाहिलंत, कसा मुलूख आहे? मी आपलं डोंगर, भाकरी, शेंगोळी असं काहीबाही सांगते आणि कामाचं निमित्त काढून उठते. खरं काय झालं ते तोंडानं सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचायला मी किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले. तेव्हा माझं लिहिणं बोलल्यासारखंच होणार, सांभाळून घ्या.

अनघा ही माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. नगरला असते. आता अहिल्यानगर म्हणायचं, एसटीच्या पाट्यासुद्धा बदलल्या, पण माझ्या तोंडातून अजून नगरच निघतं. ती विम्याचं काम करते. माणसांच्या नाही, गाईम्हशींच्या. आधी तिला ऑफिस होतं, खिडकीजवळ टेबल होतं, शिपाई चहा आणून द्यायचा. मग कंपनीनं तो मजलाच सोडून दिला. आता अनघाचा मोबाईल हेच तिचं ऑफिस. सकाळी त्यात केस येते, ही नवऱ्याची जुनी गाडी काढते आणि निघते. जितक्या केसेस होतील तितका मेहनताना. ती कुठं थांबली, किती वेळ थांबली, हेसुद्धा तो मोबाईलच साहेबांना कळवतो. आमच्या काळी सासू एवढी पाळत ठेवायची नाही.

गणपती झाल्यावर तिचा फोन आला. "काकू, चार दिवस माझ्याबरोबर चल ना. मी एकटी गेले की लोक तोंडं मिटून बसतात. कंपनीची बाई आली म्हणतात. तू बरोबर असलीस की बोलतील. तू काय, दगडालासुद्धा बोलतं करतेस."

मला बाई असं कुणी म्हटलं की अंगावर मूठभर मांस चढतं. लगेच पिशवी भरली.

नेवासा

नेवाशाच्या स्टँडवर अनघा गाडी घेऊन उभीच होती. आधी ज्ञानेश्वरांच्या खांबाला पाठ टेकली, प्रवरेचं पाणी डोळ्यांना लावलं, मग कामाला लागलो. पहिलं काम गावाबाहेरच्या एका मळ्यात होतं. नवी म्हैस घेतलेली, तिचा विमा उतरवायचा होता.

अनघानं वाटेत समजावून सांगितलं होतं. पूर्वी जनावराच्या कानात पिवळा बिल्ला मारायचे. जनावर मेलं की बिल्ल्यासकट कान कापून कंपनीला दाखवावा लागे. त्यात लबाड्या होत, ह्या गाईचा बिल्ला त्या गाईच्या कानात जाई. आता बिल्ला नाही. गाईम्हशीच्या ओल्या नाकावर बारीक रेषांची जाळी असते. माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्याशी जुळत नाही, तशी ती जाळीही जुळत नाही. तिचा मोबाईलनं फोटो काढायचा. जनावर मेलं की पुन्हा नाकाचा फोटो काढायचा. दोन्ही जुळले की पैसे.

ऐकायला सोपं आहे. म्हशीला कोण सांगणार? मोबाईलमधून एक गोड बाई बोलायची, "कृपया जनावराचे नाक स्वच्छ करा." मालक फडक्यानं नाक पुसायचे. फोटो काढेपर्यंत म्हैस जीभ बाहेर काढून नाक परत चाटायची. "कृपया जनावराचे नाक स्वच्छ करा." पुन्हा तेच.

मालक घामाघूम झाले. "आता काय हिच्या हातात रुमाल देऊ का?" म्हणाले.

त्यांची बायको गव्हाणीजवळून म्हणाली, "आपल्या लग्नात तुमचा एक फोटो धड आला न्हाई, आन् हिचे बघा लाड."

शेवटी मी पदर खोचला, म्हशीच्या गळ्याखाली खाजवत तिच्याशी बोलत बसले. काय बोलले ते आठवत नाही, सुनेची गाऱ्हाणी असतील. म्हैस कान टवकारून ऐकत राहिली आणि अनघाला फोटो मिळाला. मग सायीचा चहा झाला, मालकीणबाईंच्या माहेरची चौकशी झाली, निघताना मेथीची जुडी मिळाली. गाडीत अनघा म्हणाली, "काकू, तू नसतीस तर मी संध्याकाळपर्यंत तिथंच होते."

मी फुगले. तो फुगा आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं समजेल.

पाथर्डीच्या वाटेवर

आम्ही कालव्याकाठची माणसं. घरामागं ऊस, पुढं ऊस, पाटाला पाणी, त्यामुळं जग हिरवंच असतं अशी आमची समजूत. शेवगावच्या पुढं ऊस सरला. कपाशी आली, मग तूर, बाजरी, मग नुसती दगडगोट्यांची रानं आणि त्यामागं उघडे डोंगर. पाऊस होऊन गेलेला, तरी गवत घोट्याएवढं. आमच्याकडं गोठा घरापासून लांब, वास नको म्हणून. इथं एकाच पत्र्याखाली अर्ध्यात माणसं आणि अर्ध्यात जनावरं. मला आधी ते कसंतरीच वाटलं. नंतर कळलं की घरातला सगळ्यात किमती जीव ज्याला म्हणतात, त्याला कोण लांब बांधेल?

रस्त्यात एका टपरीवर भजी खायला थांबलो. तिथं दोन-चार जण मुकादमाची वाट बघत बसले होते. मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवणारा. दसरा-दिवाळीनंतर इकडची घरंच्या घरं कुलपं लावून आमच्या बाजूला ऊस तोडायला येतात. इतकी वर्षं ती माणसं आमच्या बांधावर कोप्या घालून राहतात. मी त्यांना हंडाभर पाणी दिलंय, जुन्या साड्या दिल्यात. पण तुमचं गाव कोणतं, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. भजी खाता खाता ते एकदम लक्षात आलं आणि उरलेली भजी मी तशीच कागदात गुंडाळून ठेवली.

पाथर्डीत लॉजवर उतरलो. माझ्या आयुष्यातला पहिला लॉज. पंखा हेलिकॉप्टरसारखा आवाज करायचा. अनघानं खाटेवर बसून दुसऱ्या दिवशीची केस सांगितली.

एका वस्तीवरच्या बाईची गाय पोट फुगून मेली होती. डॉक्टरचा दाखला होता, डेअरीत रोज दूध घातल्याच्या पावत्या होत्या. फक्त मेलेल्या गाईचं नाक यंत्राला जुळलं नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"होतं असं. मेल्यावर नाक सुकतं, आखडतं. मी जाऊन बघते, घरच्यांचा जबाब घेते आणि लिहिते की फोटो अस्पष्ट आहे, गाय त्यांचीच, पैसे द्यावेत. अशी केस मी पास करून घेते."

"मग सोपंच आहे की."

"सोपं आहे," अनघा म्हणाली.

वस्ती

वस्तीचं नाव लिहीत नाही. डोंगराच्या कुशीत सात-आठ घरं. मोबाईलला रेंज नाही. संगीता दारातच उभी होती. तिशी ओलांडलेली, हडकुळी, हसरी. तिनं घोंगडी अंथरली, तांब्या-भांडं आणून ठेवलं. तिची सासू भागाबाई खांबाला टेकून बसली होती. डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हतं, पण कान तयार.

"कोन आलंय? कंपनीच्या बाई का?"

"व्हय आत्या. आन् संगं त्यांच्या काकू हायेत, बेलापूरच्या."

"बेलापूरच्या! मंग ऊस तोडायला आलो तं ओळख द्या बरं का," भागाबाई म्हणाली आणि सगळे हसलो.

संगीतानं चहा आणला. कोरा, गुळाचा. मी सवयीनं बोलून गेले, "थोडं दूध घाल गं त्यात, मला कोरा चालत नाही."

मग तिची मुलगी पूजा, सातवीत असेल, हळूच म्हणाली, "आजी, दूध हरणीचं हुतं."

जमीन दुभंगावी असं झालं. मी तो कोरा चहा घटाघट प्यायले, जीभ भाजली. त्याच वेळी शहाणपण यायला हवं होतं.

अनघा पूजाला घेऊन गाय पुरली ती जागा बघायला बांधाकडं गेली. मी चुलीपाशी संगीताजवळ सरकले. ती हुलग्याच्या पिठाची शेंगोळी वळत होती. मीही हातावर पीठ घेतलं. माझी शेंगोळी जाड, तिची कशी दोऱ्यासारखी. "राहू द्या मावशी, तुमची फुटत्यात," म्हणत ती हसली. असं पिठात हात घालून बसलं की बाईमाणूस बोलतंच.

तिनं सांगितलं, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. दोन वर्षं नवरा एकटाच जातो, अर्धा कोयता. हरणीच्या दुधावर घर चालायचं म्हणून ती मागं राहायची. आता गाय गेली. मुकादम म्हणतो, पुरा कोयता द्या, नाहीतर दुसरी जोडी बघतो. नवरा त्याच्याकडंच गेला होता, चार दिवस थांबा म्हणायला.

"इम्याचे पैसे आले की दुसरी गाय घेऊ. मंग मी ऱ्हाते हितंच. न्हाई आले तं मला जावंच लागतंय. आन् मी गेले तं पूजीला कुठं ठिवू? आत्याला दिसत न्हाई. पोरगी मोठी व्हायला लागली, मावशी. संगं न्यावी तं शाळा बुडती, मागं ठिवावी तं जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई."

"येतील गं पैसे," मी म्हटलं. "आमची अनघा आहे ना."

तिनं दाराकडं बघितलं. मग आवाज खाली आणला. "एक सांगू का मावशी? फोटो जुळनार न्हाई. तो फोटो हरणीचा न्हाईच."

मी हात थांबवले.

"फोटोवाला आला तवा हरणी नुकतीच व्याली हुती. कास अशी भरलेली. आत्या म्हनल्या, दुभत्या गाईचा फोटो काढायचा न्हाई, मोबाईलमधून कुठं कुठं फिरल, कुनाची नजर लागल. मंग जावंची गाय उभी केली. तीबी काळी-पांढरीच. आमाला वाटलं, फोटो काय, नुस्ता दाखवायला. नाकावरनं ओळखत्यात हे कुनी सांगितलं व्हय आमाला?"

मला काही त्यात गैर वाटलं नाही. दुभत्या गाईच्या पायात आमच्याकडंही काळा दोरा बांधतात. सुनेनं नातवाचा पहिला फोटो मोबाईलवर सगळ्यांना पाठवला तेव्हा मीच भांडले होते.

"कुनाला बोलू नका मावशी. तुमी माझ्या आईच्या ठिकानी."

"मी कशाला बोलते?" मी म्हटलं. "माझ्या पोटात राहील."

जबाब घ्यायला बसलो. पूर्वी अनघा प्रश्न विचारायची आणि लिहून घ्यायची. आता प्रश्नही मोबाईलच विचारतो. तिनं तो घोंगडीच्या मधोमध ठेवला आणि सगळ्यांना बजावलं, "रेकॉर्डिंग चालू असताना फक्त संगीताताई बोलतील." माझ्याकडं बघून मुद्दाम बजावलं.

तीच म्हशीचं नाक पुसायला सांगणारी बाई बोलू लागली. "कृपया जनावराचे नाव सांगा."

"हरणी."

"जनावर आपल्याकडे केव्हापासून आहे?"

"घरच्याच गाईची कालवड. हितंच जलमली."

"विमा उतरवताना काढलेला फोटो याच जनावराचा आहे का?"

संगीतानं माझ्याकडं पाहिलं. अनघा खाली मोबाईलकडं बघत होती, तिला दिसलं नाही. मी डोळे मिटून मान हलवली. हो म्हण गं, अशी.

"व्हय," संगीता म्हणाली.

"धन्यवाद. आपली माहिती मिळाली आहे."

अनघा उठून दारात गेली आणि पंच म्हणून शेजाऱ्यांना हाका मारू लागली. संगीतानं शेंगोळ्यांची ताटली माझ्यापुढं ठेवली. वाफाळती, लसणाची फोडणी, वर कच्चं तेल. काम झालं होतं, घर माझं झालं होतं, सगळ्यांनी मला आपलं म्हटलं होतं. मला भागाबाईंची थट्टा करावीशी वाटली. बरोबर लिहायचं तर, मला दाखवायचं होतं की ह्या घरातली आतली गोष्टसुद्धा मला ठाऊक आहे.

"सुटलात हो भागाबाई!" मी खणखणीत आवाजात म्हटलं, त्यांना दिसत नाही म्हणून उगाच मोठ्यानं. "पण पुढच्या गाईला काळी बाहुली बांधा नि फोटोला तीच उभी करा. नजरेला भिऊन जावेची गाय नका दाखवू कंपनीला!"

संगीताच्या हातातली पळी तशीच राहिली. दारातून अनघा वळली. तिचा चेहरा बघून मी घोंगडीकडं पाहिलं. मोबाईलच्या काचेवर एक तांबडी रेघ होती, ती अजून थरथरत होती. "अगं बाई," मी म्हटलं, तर ती रेघ उंच उडाली. मी गप्प झाले, तशी ती सपाट झाली.

अनघानं पुढं येऊन बटण दाबलं.

भागाबाई म्हणाली, "गाय एकदा मेली हुती, बाई. तुमी आज पुन्यांदा मारली."

"आत्या, गप बसा," संगीता म्हणाली. माझ्याकडं न बघता तिनं ताटली जरा जवळ सारली. "खाऊन घ्या मावशी. गार व्हतंय."

मी ती शेंगोळी खाल्ली. अन्नाला नाही म्हणता येत नाही म्हणून खाल्ली. निघताना संगीतानं अनघाला हळदीकुंकू लावलं, ओटीत मूठभर बाजरी घातली, आणि माझ्या पिशवीत हुलग्याच्या पिठाची पुरचुंडी ठेवली. "रिकाम्या हातानं कशा जाल," म्हणाली. हे तिनं शिव्या देण्याऐवजी केलं की रीत म्हणून केलं, मला कळलं नाही. आमच्याकडं असं कुणी केलं असतं तर आम्ही दार लावून घेतलं असतं.

रेंज येईपर्यंत

वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत कच्ची वाट आहे. मग मी म्हटलं, "अनघा, ते पुसून टाक ना."

"पुसायचं बटणच नाही त्यात, काकू."

"मग तुझ्या हातानं लिही की काकूला काही कळत नाही, म्हातारी बरळली."

"मी लिहिलेलं शेवटी वाचतात. आधी रेकॉर्डिंग ऐकतात. ते तरी माणूस ऐकतं का? यंत्रच ऐकतं आणि हवी तिथं तांबडी खूण करतं. दुसरी गाय उभी केली म्हटल्यावर ते सोडेल का? शिवाय त्याच्या आधी संगीताताई हो म्हणाल्यात. म्हणजे खोटा जबाबही झाला."

ती मान कुणी हलवली होती, ते मी अनघाला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल तिला.

"म्हणजे गेलंच ते कंपनीकडं?"

"अजून नाही. इथं रेंज नाही ना. वर चढ संपला की रेंज येते, मग आपोआप जाईल."

मोबाईल आमच्या दोघींच्या मधे होता. मी तो उचलला. बाजूला ओढा होता, पावसाचं गढूळ पाणी वाहत होतं. काच खाली केली.

अनघानं गाडी हळू केली. थांबवली नाही, हळू केली. "टाकायचाय? टाक," ती म्हणाली. "मोबाईल माझाच आहे. विचारलं तर सांगू, काकूच्या हातून पडला. केस पुन्हा उघडावी लागेल, दुसरा कुणीतरी येईल. कदाचित वाचेल त्यांचं. माझं काम जाईल किंवा जाणार नाही, सांगता येत नाही. पण टाकायचा तर आत्ता टाक."

मी हात बाहेर काढला होता. वारा लागत होता बोटांना.

लोकांना सांगायला कारण तयार आहे, की पुतणीच्या पोटावर पाय कसा द्यायचा. तिचं पोर लहान आहे, घराचे हप्ते आहेत. हे सगळं खरं आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात यातलं काही नव्हतं. 'काकूच्या हातून पडला' एवढंच ऐकू येत होतं. उद्या साहेब विचारतील, कोण काकू, नाव काय, राहते कुठं. ह्या वयात कुणाला जबाब द्यायला उभं राहायचं, ह्याची मला भीती वाटली. संगीताला मान हलवून हो म्हणायला लावताना नव्हती वाटली.

मी हात आत घेतला.

चढ संपला. मोबाईल माझ्या मांडीवर होता, बारीकसा वाजला. अनघानं बघितलंसुद्धा नाही. पाथर्डीला पोचेपर्यंत ती एवढंच म्हणाली, "काकू, काच लाव, धूळ येतेय."

लॉजवर तिनं बसून खूप लिहिलं. गाय त्यांचीच होती, हेतू वाईट नव्हता, समजुतीचा घोटाळा झाला, दुधाच्या पावत्या पाहाव्यात. मला वाचूनही दाखवलं. चांगलं लिहिलं होतं. मी विचारलं, "अगं, जावेची ती गाय आहे ना अजून दावणीला? तिचं नाक जुळवून बघा म्हणावं. म्हणजे तरी पटेल ना, की नुसती अदलाबदल झाली?"

अनघानं चष्मा काढून डोळे चोळले. "तेच तर आहे. ती गाय जुळेल आणि ती जिवंत आहे. कंपनीच्या दृष्टीनं विमा त्या गाईचा. मग मेलं कोण? हरणी नावाची गाय त्यांच्याकडं कधी नव्हतीच."

पुढचे दोन दिवस अजून गावं होती. एका ठिकाणी शेळी होती, एका ठिकाणी बैल. मी गाडीतच बसून राहिले. अनघानं एकदाही 'काकू, चल' म्हटलं नाही. मला ते बरं वाटलं आणि वाईटही.

बेलापूर

घरी आल्यावर घर तेच होतं. ऊस वाऱ्यावर सळसळत होता, सुनेनं सायीचा चहा केला. हुलग्याचं पीठ मी डब्यात भरून फळीवर ठेवलं. सून म्हणाली, "करू या का शेंगोळी?" मी म्हटलं, "राहू दे."

दसऱ्याच्या आसपास अनघाचा फोन आला. क्लेम नामंजूर झाला होता. संगीताला मोबाईलवर तसा मेसेज गेला. तो पूजानं वाचून दाखवला असेल, घरात दुसरं वाचणारं कोण आहे?

दिवाळी झाली आणि आमच्या बाजूला टोळ्या उतरल्या. ह्या वर्षी मी प्रत्येक कोपीपाशी थांबून गाव विचारत होते. बायका दचकून बघायच्या, ही कोण म्हातारी, हिला कशाला हवंय गाव? शेवटी अनघाकडून नंबर घेऊन फोनच केला. संगीता म्हणाली, "आमी तुमच्याच बाजूला हाय, पाटाच्या पलीकडं." आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

फराळाचा डबा घेऊन गेले. तोडलेल्या उसाच्या रानात कोप्या होत्या. संगीता मोळ्या बांधून नुकतीच आली होती, हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, अंगाला उसाची बारीक कुसळं लागलेली. कडेला पूजा बसली होती, उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत. दुपारची, शाळेची वेळ.

"बरी आहेस का गं?" मी विचारलं.

तिनं आधी माझ्या हाताकडं पाहिलं. हातात मोबाईल होता. वाटेत सुनेनं फोन केला तर असावा म्हणून घेतलेला. मी तो घाईघाईनं पिशवीत टाकला.

"बरं हाय," ती म्हणाली.

"भागाबाई कुठं आहेत?"

"गावाकडं. जावंपाशी."

"आणि पूजाची शाळा?"

पूजानं मान वर केली आणि आईकडं बघितलं. संगीता म्हणाली, "जाती."

मी आणखीही काय काय विचारलं. थंडी वाजते का, पाणी मिळतं का, काही लागलं तर सांगशील का. व्हय. मिळतं. सांगंन. चुलीपाशी जी बाई न विचारता बोलत होती, माझ्या जाड शेंगोळ्यांना हसत होती, ती आता विचारलं तेवढंच सांगत होती, एकही शब्द जास्त नाही. मला आधी वाटलं, दमली असेल. मग लक्षात आलं की घोंगडीवरच्या त्या गोड आवाजाला तिनं असंच उत्तर दिलं होतं. मला जबाब मिळत होता.

मी डबा खाली ठेवला. ती "बसा" म्हणाली नाही.